तिला ड्रमर व्हायचंय

प्रश्न : मुलगी अकरावी कॉमर्सला आहे. गणपतीत मंडळाच्या लेझीम पथकात हलगी वाजवते. अनिका निल्स नावाच्या जर्मन ड्रमरचे व्हिडिओ सतत बघते आणि बारावीनंतर फक्त ड्रमच शिकणार म्हणते. तिचे बाबा यंत्रमाग कारखान्यात आहेत. 'मुलीच्या जातीला हे कसलं करिअर' यावरून बापलेकीत अबोला आहे. काय करू? – एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, पोरीने निवडलेलं माणूस बाबांच्या सोयीचं निघालंय. अनिकाचा जन्म १९८३ चा. ड्रम लहानपणापासून हातात, तरी तिने आधी समाजशिक्षणाच्या क्षेत्रात रीतसर नोकरी केली. ती सोडून मानहाइमच्या पॉपअकादमीत शिकायला गेली, तोवर पंचविशी उलटली होती. मग यूट्यूबवर नाव झालं, २०२२ मध्ये जेफ बेक या ब्रिटिश गिटारवादकाबरोबर दौरा झाला आणि २०२५ मध्ये रश या कॅनडाच्या बँडने २०२६ च्या दौऱ्यासाठी तिचं नाव जाहीर केलं. तेही त्यांचा दिवंगत ड्रमर नील पिअर्टच्या जागी! ड्रमवाले त्याला देव मानतात. आणि ज्या अकादमीत ती शिकली, तिथेच तिने पुढे शिकवलंही. (हे वाक्य बाबांना जरा मोठ्याने वाचून दाखवा.)

'मुलीच्या जातीला' याबद्दल एवढंच, की अल्लारखांच्या शिष्या अनुराधा पाल तबल्यावर कधीच पोचल्यात.

आता पोरीसाठी. हलगीला एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. दोन हातांची कामं वेगळी. ड्रमला डावा हात उजव्याइतकाच लागतो. शिवाय मिरवणूक रंगली की हलगीची लय चढते, आणि तिथे ती चढायलाच हवी. ड्रमर मात्र लय पळू देत नाही, बाकीचे त्याच्यावर उभे असतात. अनिका ज्यासाठी ओळखली जाते ती क्विंटुप्लेट्स, म्हणजे एका ठोक्याच्या जागेत पाच समान घाव. 'त-दि-गि-ण-तोम' असं तोंडाने म्हणून बघ. चार सहज बसतात, पाचव्याला हात अडखळतो. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लाव, रबरी पॅडवर हेच रोज पंधरा मिनिटं, एकदा उजव्याने सुरू करून, एकदा डाव्याने. पंधरा दिवसांत कंटाळा आला तर तुला ड्रम बघायला आवडतो, वाजवायला नाही. त्यात लाज काही नाही. मीही तबल्याच्या दोन परीक्षा देऊन थांबलेला माणूस आहे.

ताई, सेट आत्ता घेऊ नका, शेजारी भांडतील. पॅड, काठ्या आणि मोबाइलमधला फुकटचा मेट्रोनोम पुरे. बी.कॉम. सोलापुरातच होऊ द्या, सोबत लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ड्रमच्या ग्रेड परीक्षा. त्या आठ आहेत. चांगला शिक्षक इथे नाहीच मिळाला, तर पंधरा दिवसांतून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन रात्री परत येता येतं. कमाईचं म्हणाल तर ऑर्केस्ट्रा आणि स्टुडिओचं काम हंगामी. महिन्याचा भरवसा शिकवण्याचा.

रोज मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा. तीन महिन्यांनी पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचं रेकॉर्डिंग बाबांना ऐकवा. काही सांगू नका, नुसतं ऐकवा. माग बिघडला की ते न बघता आवाजावरून ओळखत असतील. पाचवा घाव कुठे सुटला, हेही त्यांनाच आधी कळेल.