भारतात शेती यंत्रांची बाजारपेठ सध्या कशामुळे बदलतेय?

मुख्य कारण मजूरटंचाई. ऊसतोडीला टोळी मिळेना, म्हणून कारखान्यांच्या पट्ट्यात हार्वेस्टर दिसू लागले. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी जमीनधारणा जेमतेम १.०८ हेक्टर, एवढ्यावर मोठं यंत्र विकत घेणं परवडत नाही. त्यामुळे भाड्याचा धंदा वाढतोय: रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं यंत्र), मळणी यंत्र, आता फवारणीचा ड्रोनसुद्धा. द्राक्षबागांत ओळी अरुंद, तिथे अर्थातच छोटे ट्रॅक्टर.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. उलट ५० एचपीच्या (अश्वशक्तीच्या) वरच्या ट्रॅक्टरना २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू आहेत, म्हणजे ते महागच. बाकी अनुदानाच्या जाहिराती कितीही असोत, विक्रीचा अंदाज बांधायचा तर मी आधी पावसाकडे बघेन.