कुंडीतला प्रदर्शनाचा बटाटा

प्रश्न : गच्चीवर ग्रो बॅगमध्ये बटाटे लावले. पीक बरे आले, पण सालीवर खरबरीत, तपकिरी खपल्या होत्या. प्रदर्शनात ठेवण्याजोगा एकही निघाला नाही. शेतातली काळी माती, शेणखत आणि थोडी राख असे मिश्रण होते. काय चुकले?
– वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : तो स्कॅब, म्हणजे जिवाणूमुळे होणारा खपली रोग आहे, आणि त्याला लागणारे सगळे तुमच्या मिश्रणात होते. हा जिवाणू अल्कधर्मी मातीत फोफावतो. आपल्याकडची काळी माती चुनखडीयुक्त, त्यात राखेने सामू (पीएच) आणखी चढतो. शेणखत अर्धवट कुजलेले असेल तर भरच पडते. माती गंधक टाकून सुधारण्यापेक्षा ती वापरूच नका. धुतलेले कोकोपीट 3 भाग, पालापाचोळ्याचे पूर्ण कुजलेले खत 2 भाग आणि गांडूळ खत 1 भाग, सगळे बारीक चाळणीतून गाळून घ्या. एक खडा राहिला तरी वाढत्या बटाट्यावर खळगा पडतो आणि परीक्षकाची नजर तिथेच जाते.

12 × 15 इंचाच्या बॅगेत एकच बेणे. 40–50 ग्रॅमचे, न कापलेले, कुफरी लवकर किंवा कुफरी पुखराज जातीचे घ्या. उजेडात, पण उन्हात नाही, असे पसरून आखूड जाड कोंब येऊ द्या. दोन-तीनच ठेवून बाकीचे खुडा. कोंब जास्त, तर बटाटे पुष्कळ आणि लहान. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, तळाच्या 4 इंच मिश्रणावर बेणे ठेवून वर 4 इंच थर द्या. झाड वाढेल तशी बुडाशी मिश्रणाची भर घाला. दर बॅगेला सिंगल सुपर फॉस्फेट 15 ग्रॅम आणि सल्फेट ऑफ पोटॅश 10 ग्रॅम सुरुवातीलाच मिसळा. नत्रासाठी अमोनियम सल्फेट 20 ग्रॅम, निम्मे लागवडीला, निम्मे पहिल्या भरीला. त्यानंतर नत्र नको, नुसता पाला माजतो.

आता पाणी, आणि यात हयगय चालत नाही. चौथ्या ते आठव्या आठवड्यात, बटाटे धरत असताना, मिश्रण कोरडे पडले की स्कॅब साधतो. वरून दोन इंच बोट खुपसून पाहा. ओल लागलीच पाहिजे. चिखल मात्र नको, त्याने सालीवर पांढरे पुटकुळे उठतात.

प्रश्न : बटाट्यांना गाठी का येतात? काही तर चिरलेही.
– वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : आधी ताण, मग भरपूर पाणी, हेच कारण. थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते ती डोळ्यापासून, आणि तिथे गाठ येते. काळी बॅग दुपारच्या उन्हात तापली तरी असेच होते, म्हणून तिला गोणपाट गुंडाळा. फेब्रुवारीतल्या उन्हाची वाट पाहू नका. जानेवारीअखेर पाला कापा, पाणी बंद करा, 10–12 दिवसांनी काढणी करा. तोवर साल पक्की होते, अंगठ्याने घासली तरी सुटत नाही.

प्रश्न : प्रदर्शनात ठेवायचे बटाटे धुवायचे की नाही?
– वाचक, महाल, नागपूर

उत्तर : धुवा, पण ब्रश नको. ओल्या मऊ स्पंजाने, साध्या पाण्यात. तेल लावू नका. निवडताना सर्वांत मोठा बटाटा बाजूला ठेवा. 200 ग्रॅमच्या आसपासचे, एका आकाराचे, उथळ डोळ्यांचे हवेत. मांडेपर्यंत काळ्या कापडाखाली ठेवा. उजेडात साल हिरवी पडते.