‘पाच वर्षं मागतेय, देव ऐकतोय कुठं?’

‘‘मॅडम, पाच वर्षं झाली बघा. गुडघं झिजलं. आता माळ हातात घेतली की एकतर डोळा लागतो, नाहीतर डोक्यात बाजारहाट सुरू होतो. माझी श्रद्धाच कमी पडतीया काय?’’

पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक धर्मग्रामात, समुपदेशनाला बसलं की हा प्रश्न सारखा येतो. कुणी मुलाच्या नोकरीसाठी मागत असतं, कुणी लेकीच्या लग्नासाठी, कुणी आजारी माणसासाठी. वर बोलणाऱ्या ताईंची ही हकिकत नवऱ्याच्या दारूची आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केले आहेत.

कोल्हापुरात कॅथलिक घरं थोडी आणि विखुरलेली. एक राजारामपुरीत, एक कसबा बावड्यात, एक थेट शिरोली एमआयडीसीच्या बाजूला. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणारे सगळे एकमेकांना ओळखतात आणि म्हणूनच नवऱ्याच्या दारूचं दुखणं चर्चच्या दारात कुणी काढत नाही. या ताईंनीही ते पाच वर्षं फक्त देवाला सांगितलं होतं. नवरा फौंड्रीत मोल्डर, पहिली पाळी सकाळी सातची. सुटल्यावर थेट गुत्ता आणि घरी यायला रात्रीचे अकरा.

अशा वेळी पहिल्या भेटीत बायबलमधलं वचन काढून हातात द्यायचं नसतं. माणूस आधीच वचनांनी दमलेला असतो. आम्ही एक कोरा कागद घेतला आणि दिवसभरात कोणकोणती प्रार्थना होते ते त्यांनाच वेळेसकट लिहायला सांगितलं. पहाटे चार वाजता उठून रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची मरियेची प्रार्थना; तिच्या रहस्यांचे (येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांचे) चारही गट, म्हणजे दहा-दहा प्रार्थनांची वीस दशकं, 80 मिनिटं. दुपारी तीनला दैवी दयेची माळ, 10 मिनिटं. संध्याकाळी मुलांसोबत पुन्हा रोझरी, 20 मिनिटं. शिवाय संत ज्यूड, संत अंतोनी आणि निरंतर साहाय्य माता अशा तीन नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) एकाच वेळी चालू, त्याची 30 मिनिटं. बेरीज 2 तास 20 मिनिटं. शुक्रवारी कडक उपवास. वर व्हॉट्सअॅपवर ‘ही प्रार्थना तेरा जणांना पाठवा, साखळी तोडू नका’ छापाचे निरोप.

त्याच कागदावर झोप लिहिली. रात्री साडेअकरा ते पहाटे चार. साडेचार तास.

माळ हातात घेतल्यावर डोळा लागतो, याचं उत्तर तिथेच होतं. श्रद्धेला दोष देण्याआधी झोपेचा हिशेब बघावा. लिझ्यूची संत तेरेसा प्रार्थनेत डुलक्या घ्यायची आणि तिने ते लिहूनही ठेवलंय. आईबापाला झोपलेलं लेकरूही तेवढंच लाडकं असतं, असं तिचं म्हणणं. पण ताईंना आधी झोप हवी होती, संतांचे दाखले नंतर.

आणखी एक तपासणी याच टप्प्यावर करावी लागते. प्रार्थनेत रुक्षपणा आला असेल तर बाकीच्या गोष्टींत रस टिकून असतो; भावाच्या लेकराच्या बारशाला माणूस हसतो, जेवण चवीनं खातो. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ सगळंच बेचव झालं, भूक आणि झोप बिघडली, ‘मी नसलेलीच बरी’ असं मनात येऊ लागलं, तर ते नैराश्य असू शकतं. मग प्रार्थना सुधारत बसायचं नाही, आधी डॉक्टर गाठायचा. 14416 या ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ताईंचं तसं नव्हतं. त्या थकल्या होत्या, आणि चिडल्याही होत्या.

चिड कबूल करायला मात्र दोन भेटी गेल्या. देवावर रागावणं पाप, असं लहानपणापासून मनात बसलेलं. त्यांना आम्ही बायबलमधलं स्तोत्र 13 मोठ्यानं वाचायला सांगितलं. सहा ओव्यांचं छोटंसं स्तोत्र. त्यात ‘किती काळ?’ हा सवाल देवाला चार वेळा केलाय. स्तोत्र 88 तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, सुटकेची एक ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, चर्चच्या उपासनेत म्हटलं जातं. देवापुढे गाऱ्हाणं घालणारा माणूस देवाशी बोलत असतो. बोलणंच टाकलं, तर काळजी.

मग नोव्हेनाचा घोळ निघाला. सहाव्या दिवशी पाहुणे आले, नोव्हेना राहिली, म्हणून ताईंनी पुन्हा पहिल्या दिवसापासून धरली. असं चारदा झालेलं, आणि प्रत्येक वेळी ‘माझ्यामुळंच यांची दारू सुटंना’ हा डंख. नऊ दिवसांची ही प्रथा प्रभूच्या स्वर्गारोहणापासून पवित्र आत्मा उतरेपर्यंत प्रेषित पवित्र मरियेसोबत प्रार्थनेत थांबले होते, त्या आठवणीतून आली. एक दिवस चुकला तर पाप लागत नाही, नोव्हेना बाद होत नाही. दुसऱ्या दिवशी पुढे चालू करायची. प्रार्थनेच्या नुसत्या बाह्य कृतीलाच गुण चिकटवणं ही अंधश्रद्धा आहे, असं कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या 2111व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलंय. तेरा जणांना निरोप पाठवण्याची साखळी त्यातच मोडते. ती तोडा, बेलाशक तोडा.

या गोंधळाच्या मुळाशी एक दाखला असतो, नीट न वाचलेला. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात एक विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या मागे लागते आणि तो शेवटी वैतागून न्याय देतो. त्यावरून लोक समजतात की देवाला हैराण केलं की तो देतो. म्हणून जितकी जास्त दशकं तितकी खात्री. पण येशू तिथे देव आणि न्यायाधीश यांतला फरक दाखवतो: असला निर्दय माणूसही ऐकतो, तर बाप किती लवकर ऐकेल! पुष्कळ बडबडीनं आपलं ऐकलं जाईल असं समजू नका, हेही त्याच येशूनं मत्तयच्या 6व्या अध्यायात सांगितलंय. आता त्या विधवेकडे बघा. तिचं मागणं एकच आणि नेमकं आहे, ती रोज त्याच दारात जाते, आणि स्वतःच्या पायांनी जाते. चिकाटी म्हणायची ती ही. ताईंच्या प्रार्थनेत पाठांतर भरपूर होतं, पण मागणं अकरा विषयांत वाटलं गेलेलं, आणि नवऱ्याच्या दारूबाबत पाय एकदाही घराबाहेर पडलेले नव्हते.

पडले नाहीत, कारण एक प्रयत्न वाईट फसला होता. मागच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी नवऱ्यानं क्रुसापुढे शपथ घेतली: चाळीस दिवस शिवणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला कंप सुटला, चहाचा कप धरवेना, अंगाला दरदरून घाम. त्या रात्री भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून तो ओरडायला लागला. घरच्यांनी भोवती बसून रोझरी म्हटली. शेवटी सासूनंच अर्धा पेला आणून दिला आणि तासाभरात तो शांत झोपला. घरात निष्कर्ष निघाला: शपथ मोडली, सैतान जिंकला, प्रार्थना वाया.

खरं कारण शरीरात होतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की साधारण 6 ते 24 तासांत कंप, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास आणि भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जातो. म्हणून जुन्या व्यसनात दारू सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तिथे काही दिवस औषध देऊन ते हळूहळू कमी करतात, बी-1 जीवनसत्त्व देतात. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हे उपचार मिळतात, आपल्याकडे कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) त्यासाठी जवळचं. हे कळल्यावर ताई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे त्यांनी खोटी शपथ घेतली नव्हती तर.’’ पाच वर्षांत नवऱ्याबद्दल बोललेलं ते पहिलं मऊ वाक्य.

प्रार्थनेची नवी मांडणी आम्ही मुद्दाम छोटी ठेवली. पाणी भरून झालं, डबा गेला की 10 मिनिटं, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर. पलंगावर नाही, कारण तिथे झोप येणारच. मोबाइलवर गजर लावायचा आणि फोन पालथा ठेवायचा, म्हणजे घड्याळ बघत बसावं लागत नाही. क्रुसाची खूण, मग एखादा मिनिट काही न बोलता. मग रविवारच्या शुभवर्तमानातल्या चार-पाच ओळी दोनदा, दुसऱ्यांदा सावकाश. मग एकच मागणं, एकाच वाक्यात. ‘यांना उपचाराला जायची बुद्धी दे आणि मला विचारायचं बळ दे’ हे वाक्य ताईंनी स्वतः तयार केलं. शेवटी प्रभूची प्रार्थना. रोझरी दिवसाला एकच दशक, त्या दिवसाच्या रहस्यातलं. संध्याकाळी मुलांना वेळ असेल तर पूर्ण, नसेल तर नाही. उपवासाचा शुक्रवार ठेवला, पण दुपारचं जेवण सोडायचं नाही. त्यांच्या हिमोग्लोबिनचा आकडा बघूनच ते ठरवलं.

मन भटकतं त्याचं काय? भटकणारच. त्याच्या मागे धावून त्याला हाकलत बसलं की तो पाठलागच एक नवा फाटा होतो. शेजारी वही ठेवायची. गॅसचा नंबर लावायचा आठवला तर ‘गॅस’ एवढंच लिहायचं आणि वाचलेल्या ओळीवर परत यायचं. दहा मिनिटांत पंधरा वेळा परत यावं लागलं, तरी ती पंधरा वेळा देवाकडे वळण्याची कृती आहे.

आणि कोरडा दिवस आला तर? लोयोलाचे संत इग्नाशियस यांचा सल्ला इथे फार उपयोगी पडतो. मन उजाड असताना ठरलेली वेळ कापायची नाही, उलट थोडी वाढवायची. म्हणजे दहाच्या जागी अकरा मिनिटं. त्यांचा दुसरा नियम: उजाड अवस्थेत आधीचा निर्णय बदलायचा नाही. ताईंसाठी त्याचा अर्थ साधा होता. रात्री अकरा वाजता, तो पिऊन आलेला असताना, नवा नवस बोलायचा नाही, माहेरी जायची धमकी द्यायची नाही, नवी नोव्हेना धरायची नाही. जे ठरवायचं ते सकाळी.

त्या अकराच्या सुमाराची एक गोष्ट धाकट्या मुलीकडून कळली. बापाच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की आईची रोझरी मोठ्यानं सुरू व्हायची, आणि ‘आम्हा पाप्यांसाठी’ या शब्दांवर आवाज चढायचा. तो दार उघडे, ते शब्द ऐके, आणि ताट न घेताच झोपून जाई. ताईंना वाटे, प्रार्थनेनं तो वरमतो. त्याला ती शिवीच वाटत होती. देवाशी बोलताना तिसऱ्याला टोमणा मारायचा नाही, ही अट आम्ही घातली. रात्री तो आला की प्रार्थना बंद, ताट झाकून ठेवायचं, भांडण नाही. मात्र हात उगारला तर तो क्रूस म्हणून सोसायचा नाही. 112 किंवा महिलांसाठीचा 181, लगेच. संयम आणि मार खाणं यांची गल्लत चर्चनं शिकवलेली नाही.

अशा घरांत संत मोनिकेचं नाव निघतंच. तिची आसवं सगळ्यांना ठाऊक असतात; तिनं काय काय केलं ते कमी. मुलगा ऑगस्टीन, जो पुढे संत झाला, तो भरकटला तेव्हा ती एका बिशपकडे गेली, त्याला समजवा म्हणून. बिशप म्हणाले, आत्ता तो ऐकायच्या मनःस्थितीत नाही, त्याच्यासाठी प्रार्थना कर. पुढे ती समुद्र ओलांडून मिलानपर्यंत त्याच्यामागे गेली, आणि 387 साली तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला. ऑगस्टीननंच लिहून ठेवलंय की लहानपणी मोनिकेलाही पिंपातली द्राक्षदारू चोरून घोट घोट पिण्याची सवय लागली होती; घरातल्या दासीनं भांडणात ‘बेवडी’ म्हणून हिणवलं तेव्हा ती सवय सुटली. हे ऐकून ताईंना हसू आलं, आणि मग रडूही.

घराबाहेरची पावलं तीन ठरली. फादरांना पापनिवेदनात (पापांची कबुली देण्याच्या विधीत) नव्हे तर बाहेर, वेळ घेऊन सांगायचं, म्हणजे फादरांना पुढे काही करता येतं. पापनिवेदनात सांगितलेलं ते कुणालाच सांगू शकत नाहीत, नवऱ्यालाही नाही. दुसरं, मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या अल-अॅनॉनच्या सभेला जायचं. नवरा आला नाही तरी बायको जाऊ शकते. तिसरं, सुट्टीच्या सकाळी, तो शुद्धीत असताना, एकदाच विचारायचं: ‘‘त्या वेळी तुम्हाला झालं तो आजार होता म्हणे. डॉक्टरकडे मी येऊ का संगट?’’ हे वाक्य आम्ही चार-पाच वेळा म्हणून घेतलं, कारण ‘पोरांकडे तरी बघा’ हे शेपूट त्याला सारखं लागत होतं.

पहिल्या वेळी तो उठून गेला. ताईंनी सकाळची दहा मिनिटं चालू ठेवली आणि तीन रविवारांनी तेच वाक्य पुन्हा विचारलं. पावसाळ्यानंतर तो गेला, उपचार घेतले. नाताळच्या आठवड्यात, बोनस हातात आल्यावर, पुन्हा प्यायला. या आजारात अशी घसरण बऱ्याच जणांची होते. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं तर सावरणं सोपं जातं. लपवलं तर महिने जातात. ताईंनी दुसऱ्याच दिवशी कळवलं. तो आता महिन्याला तपासणीला जातो, अधूनमधून चुकवतो. कधी चुकवली की ताई फादरांना फोन करतात, आणि वहीतल्या त्या वाक्याची तारीख बदलून तेच मागणं पुन्हा लिहितात.