पन्नास गुण की अकरा विजेतेपदे?

प्रश्न : माझा पुतण्या मुंबईत कॉलेजच्या बास्केटबॉल संघात सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, जागी खेळतो. गणपतीला तो देवगडला घरी आला, तेव्हा रात्रीची आरती आटोपल्यावर पडवीत बसून आमचा वाद झाला. अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक लीगमधला आजवरचा सर्वांत मोठा सेंटर कोण? त्याच्या मते विल्ट चेंबरलेन, कारण संपूर्ण हंगामात सामन्यामागे पन्नास गुणांची सरासरी दुसऱ्या कोणालाही साधलेली नाही. मी शाळेत क्रीडाशिक्षकांकडून बिल रसेलचे नाव ऐकत मोठा झालो. ज्याने ११ विजेतेपदे मिळवली त्याचे गुण कशाला मोजायचे, असे माझे म्हणणे आहे. विसर्जनापर्यंत वाद मिटला नाही. कृपया आपला निर्णय कळवावा.
— एक वाचक, देवगड

उत्तर : माझा कौल रसेललाच आहे. पण पुतण्याने पुढे केलेला आकडा टाळून तो देणे अन्यायाचे होईल, कारण १९६१-६२ च्या हंगामात चेंबरलेनने जे केले त्याच्या आसपासही नंतर कोणी फिरकलेले नाही. सामन्यामागे ५०.४ गुण, २५.७ रिबाउंड (बास्केट चुकून परतलेला चेंडू पकडणे) आणि मैदानावर ४८.५ मिनिटे, ही त्याची त्या वर्षीची सरासरी होती. सामना ४८ मिनिटांचा असताना सरासरी त्याहून जास्त भरते, ती तो जवळजवळ कधी बाहेर बसलाच नाही आणि बरोबरीनंतरची जादा मिनिटेही खेळला म्हणून. २ मार्च १९६२ रोजी हर्षी या गावी त्याने न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध एकट्याने १०० गुण केले आणि फ्री थ्रोमध्ये, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीत, आयुष्यभर कच्चा राहिलेल्या या माणसाने त्या रात्री ३२ पैकी २८ फ्री थ्रो बास्केटमध्ये घातले. तेव्हाचा खेळ वेगवान होता, प्रत्येक संघ सामन्यात शंभराहून अधिक वेळा बास्केटवर चेंडू टाकत असे आणि त्यातले निम्म्याहून अधिक प्रयत्न चुकत, त्यामुळे रिबाउंडचे आकडे आज डोळे विस्फारायला लावतात. गुणांचा विक्रम मात्र एवढ्याने लहान होत नाही.

आता पुतण्याला एक गोष्ट विचारा. त्याच हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? रसेल. हा किताब त्या काळी पत्रकार देत नसत, खेळाडूच मतदान करीत. ज्यांच्या अंगावर चेंबरलेन पन्नास पन्नास गुण चढवत होता, त्यांनीच रसेलला निवडले. त्या वर्षीच्या पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत रसेलच्या बॉस्टनने चेंबरलेनच्या फिलाडेल्फियाला सातव्या सामन्यात दोन गुणांनी हरवले.

यापेक्षा मोठा पुरावा चेंबरलेनने स्वतःच दिला आहे, असे मला वाटते. १९६६-६७ मध्ये त्याने आपले गुण २४ च्या आसपास आणले आणि चेंडू सहकाऱ्यांकडे देण्यावर भर दिला. सामन्यामागे त्याचे जवळजवळ आठ पास बास्केटमध्ये रूपांतरित होऊ लागले. त्याच वर्षी फिलाडेल्फियाने बॉस्टनची सलग आठ विजेतेपदांची मालिका तोडली आणि चेंबरलेनला पहिले विजेतेपद मिळाले. गुण निम्म्याने घटले तेव्हा तो सर्वांत भारी सेंटर झाला, हे त्याच्या चाहत्यांनी अभिमानाने सांगावे असेच आहे.

रसेलचे सामर्थ्य कशात होते, ते एका लहान गोष्टीवरून सांगतो. रत्नागिरीजवळ आमचे मैदान जांभ्याचे आहे आणि बोर्डामागे चार पावलांवर गडगा आहे. उंच मुलगा ब्लॉक करतो, म्हणजे बास्केटकडे टाकलेला चेंडू हवेतच अडवतो, तेव्हा हात पूर्ण फिरवून चेंडू असा हाणतो की तो गडग्यापलीकडे कलमांत जातो. टाळ्या पडतात, पण चेंडू पुन्हा समोरच्यांनाच मिळतो. रसेल हात फिरवत नसे. वर चढणाऱ्या चेंडूला तो बोटांनी टोकरून मैदानातच ठेवी, आपल्या सहकाऱ्याच्या दिशेने, आणि तो खाली पाय टेकेपर्यंत बॉस्टनची धाव दुसऱ्या टोकाकडे निघालेली असे. समोरचे दोन गुण वाचले आणि आपले दोन झाले. याची नोंद कुठेच नाही, कारण ब्लॉक मोजायला एनबीएने १९७३-७४ मध्ये सुरुवात केली आणि तोवर रसेल निवृत्त होऊन चार वर्षे झाली होती. सेंटरचे पहिले काम आपली बास्केट राखण्याचे आहे, आणि नेमके तेच काम त्या काळच्या आकड्यांत दिसत नाही. १३ हंगामांत ११ विजेतेपदे आणि त्यातली शेवटची दोन खेळाडू व प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत, यावरूनच ते ओळखावे लागते.

आपल्या बाजूची लंगडी जागाही सांगतो. रसेल लीगमध्ये आला तेव्हा संघ आठच होते, आज तीस आहेत, आणि बॉस्टनमध्ये त्याच्याबरोबर एकाहून एक खेळाडू होते. केवळ विजेतेपदे मोजून भांडलात तर पुतण्या इथे पकडेल.

या दोघांच्या वादात करीम अब्दुल-जब्बार मागे पडतो, याचे मला वाईट वाटते. माझ्या यादीत तो दुसरा, चेंबरलेनच्याही वर. सर्वोत्तम खेळाडूचा किताब सहा वेळा मिळवणारा तो एकटाच आहे. त्याचा स्कायहुक हा फटका डोळ्यांसमोर आणा : प्रतिस्पर्ध्याकडे पाठीऐवजी खांदा, त्या खांद्याआड चेंडू, एका पायावर उडी आणि पूर्ण ताणलेल्या हाताच्या टोकावरून मनगटाचा हलका झटका. सात फूट दोन इंचांच्या माणसाने असे टाकले की मध्ये हात घालायला जागाच उरत नसे. १९७१ मध्ये तो अंतिम मालिकेचा मानकरी ठरला आणि पुन्हा १९८५ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी. त्यानंतर शकील ओनील आणि टिम डंकन. यांचा क्रम कोणी उलटा लावला तरी माझी तक्रार नाही.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे, उंच आहे, आजवर फक्त खो-खो खेळला. बास्केटबॉलला उशीर झाला का?
— एक पालक, चिपळूण

उत्तर : एनबीएचा नामवंत सेंटर हकीम ओलाजुवॉन नायजेरियात लागोसला वाढला. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याने बास्केटबॉल खेळलाच नव्हता. तो हँडबॉल खेळे आणि फुटबॉलमध्ये गोल राखी. पुढे १९९४ मध्ये तो एकाच हंगामात सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेचा मानकरी असा तिन्ही ठिकाणी पहिला आला. ३,८३० ब्लॉकचा त्याचा विक्रम आजही उभा आहे. बास्केटकडे पाठ करून एका खांद्याने हूल द्यायची आणि दुसऱ्या बाजूने वळायचे, ही त्याची खासियत फुटबॉलच्या मैदानावर तयार झालेल्या पायांतून आली होती. पाठलाग चुकवताना तुमचा मुलगा जी हुलकावणी देतो तीच चाल बास्केटखाली लागते, म्हणून खो-खो सोडवू नका. संध्याकाळी अर्धा तास त्याला बास्केटजवळ उभे करून एकदा उजव्या आणि एकदा डाव्या हाताने चेंडू टाकायला लावा, आणि पहिल्या महिन्यात त्याचे गुण मोजू नका.