१२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळसंख्या आहे का? आणि एक्सेल तिचे शेवटचे दोन अंक का खातं?

मूळसंख्या नाही. ती १११११११११ (नऊ एक) चा वर्ग आहे.

उभा गुणाकार मांडून बघा. नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. एककाच्या घरात एकच १, दशकात दोन, शतकात तीन, मधल्या घरात नऊ आणि तिथून पुढे उतरण. बेरीज कुठेच दहापर्यंत जात नाही, म्हणजे हातचा नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात १० होतात आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब, डौल संपला.

आता अवयव. १११११११११ = १११ × १००१००१. त्यात १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७; ३३३६६७ मूळ आहे. म्हणून तुमची संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७², आणि विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

अंकांची बेरीज ८१ आहे म्हणून ८१ ने भाग जातो, असं बरेच जण सांगतात. भाग जातो (वरच्या अवयवांत ३⁴ = ८१ आहेच), पण कारण चुकीचं. अंकबेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच. १८९९ ची अंकबेरीज २७, तरी २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते. २७ साठी तीन-तीन अंकांचे गट करून बेरीज करा; तिला ९९९ ने भाग गेला की अख्ख्या संख्येलाही जातो: १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७ = ३ × ९९९. ९९९ = २७ × ३७, त्यामुळे २७ आणि ३७ एकाच फटक्यात तपासून होतात.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना डेमलो संख्या म्हटलं. डेमलो हे डोंबिवली स्टेशनचं तेव्हाचं नाव. मधला ९ बाजूला ठेवून दोन्ही बाजू मिळवा: १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. सगळे अंक मधल्या अंकाइतकेच!

एक्सेलचं म्हणाल तर ते १५ अंकच धरतं, म्हणून १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेला दिलीत तर शेवटी ३२० येईल: २⁵³ म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ च्या लगेच पुढे तिथे फक्त सम संख्याच मावतात आणि तुमची विषम आहे. गंमत म्हणजे बिघडलेल्या संख्येचं वर्गमूळही एक्सेल १११११११११ च दाखवतं, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. सेल ‘टेक्स्ट’ केला तर अंक टिकतात, पण त्यावर गणित केलंत की पुन्हा तेच.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांकांना अशी मर्यादा नाही. तिथे भागाकार मात्र दोन तिरक्या रेघांनी (//) करा. एकाच रेघेने उत्तर दशांशात जातं आणि तीच २⁵³ ची अडचण पुन्हा आडवी येते.