विलंब माफीचा अर्ज करण्याआधी

दादा, अपिलाची मुदत उलटली म्हणून घाबरू नका, पण आता आणखी वेळही घालवू नका. आधी उशीर नक्की किती झालाय ते मोजा. दिवाणी दाव्याच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात, उच्च न्यायालयात ९० दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेला काळ यातून वजा होतो. मात्र नक्कल तयार झाल्यावर तुम्ही ती आणायला गेला नाहीत, तर ते दिवस तुमच्याच माथी. नक्कलेवरच्या तारखा नीट वाचा, कधी कधी उशीर वाटला होता त्याच्या निम्माच निघतो.

माफीचा अर्ज मुदत कायदा, १९६३ च्या कलम ५ खाली, अपिलाबरोबरच आणि प्रतिज्ञापत्रासह द्यायचा. खरी कसोटी ‘पुरेसे कारण’ हीच. मुदत संपल्यापासून अपील दाखल होईपर्यंतचा काळ तारखांनिशी समजावून सांगा. ‘आजारी होतो’ एवढ्यावर भागत नाही. दवाखान्याचे कागद जोडा आणि बरे झाल्यावर गेलेल्या दिवसांचाही हिशेब द्या. सगळा दोष आधीच्या वकिलांवर ढकलणारे अर्ज मला तरी कच्चे वाटतात, कारण तुम्ही स्वतः काय चौकशी केलीत हे न्यायालय विचारतेच.

सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कातिजी प्रकरणात विलंब माफ करताना उदार दृष्टी ठेवायला सांगितले, हे खरे. पण निष्काळजीपणाला ती ढाल नाही.

आणि समोरच्याने दरखास्त, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली असेल तर वकिलांना आजच सांगा. नुसता माफीचा अर्ज दिल्याने वसुली किंवा ताबा थांबत नाही.