मिश्रण रिच असल्याचा कोड आला, तर ऑक्सिजन सेन्सर लगेच बदलावा का?

आपली २०१२ ची पेट्रोल गाडी थंडी सुरू झाल्यापासून १६ ऐवजी जेमतेम १२ चे एव्हरेज देते, चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०१७२ हा कोड येतो आणि गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलायला सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते तो खर्च आपण तूर्त करू नये. या कोडचा अर्थ मिश्रणात पेट्रोल प्रमाणापेक्षा जास्त आहे एवढाच असून, ती तक्रार बहुतेक वेळा त्याच सेन्सरने अगदी योग्य नोंदवलेली असते. मग बदलायचे तरी त्यालाच, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, पण माझ्या २००९ च्या गाडीत ही चूक मी पैसे मोजून केली आहे. नवा सेन्सर बसवला, कोड पुसला आणि आठवडाभरात दिवा पुन्हा लागला. पुढे कळले की मे महिन्यात इंजिन तापू लागले तेव्हा थर्मोस्टॅट वॉल्व्हच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला गेला होता. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हा उपाय इतका सर्रास केला जातो की कित्येकदा गाडीमालकाला त्याची कल्पनाही नसते. उन्हाळ्यात त्याचा त्रास जाणवत नाही. थंडीत मात्र वर्धा रोडने बुटीबोरीकडे जाताना रेडिएटरचे पाणी ६० अंशांच्या आसपासच रेंगाळते, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंजिन अजून थंड आहे असे वाटते आणि तो जास्तीचे पेट्रोल देत राहतो. सीताबर्डीच्या गर्दीत तापमानाचा काटा मध्यावर येत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर खाली उतरत असेल, तर प्रथम हीच शंका घ्यावी. वॉल्व्ह जागेवर व ठीक असेल, तर पाणी ८० ते ९० अंशांपर्यंत चढून तिथेच टिकायला हवे.

वॉल्व्ह असूनही स्कॅनरवरचे तापमान पटत नसेल, तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर तपासण्याची सोपी वेळ म्हणजे पहाट. रात्रभर सावलीत उभ्या असलेल्या गाडीची चावी फक्त ‘ऑन’ करावी आणि कूलंटचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्हींत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नसावा. हवा १४ अंश आणि कूलंट उणे १० अंश दाखवत असेल, तर दोष कूलंट सेन्सरमध्ये किंवा त्याच्या गंजलेल्या कनेक्टरमध्ये आहे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी ओतले गेले असेल, तर त्या सेन्सरवर चढलेला थर पाहून आश्चर्य वाटू नये.

चावी त्याच स्थितीत असताना मॅप सेन्सरचा (इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडाही पाहून घ्यावा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्यामुळे इंजिन बंद असताना तो ९७ किलोपास्कलच्या जवळपास असला पाहिजे, आणि गरम इंजिन आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता चालू) असताना साधारण ३० ते ४० वर आला पाहिजे. आयडलवर तो ६० दाखवत असेल, तर सेन्सरवर ठपका ठेवण्यापूर्वी त्याच्याकडे जाणारी रबरी नळी असल्यास ती वाकवून पाहावी. उष्णतेने ती कडक होऊन तडकते, दाब खोटा वाढतो आणि ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतो. सेन्सरच्या मानाने नळीची किंमत नगण्य असते.

यानंतर ऑक्सिजन सेन्सर. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आरपीएम ३००० पर्यंत नेऊन अॅक्सिलरेटर एकदम सोडावा. त्या क्षणी पेट्रोल तोडले जाते, म्हणून सेन्सरचे व्होल्टेज ०.१ च्या जवळ पडले पाहिजे. २५०० वर स्थिर धरल्यास ते ०.१ ते ०.९ दरम्यान भराभर वर-खाली झाले पाहिजे. असे होत असेल, तर सेन्सर ठीक आहे. एक फसवी शक्यता मात्र ध्यानात ठेवावी. सेन्सरच्या आधीच्या जोडावर एक्झॉस्ट गळत असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण लीन (पेट्रोल कमी असलेले) भासते आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो; तेव्हा फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट, टक्क्यांत) अधिक (+) दिसते, पण स्पार्क प्लग काळे असतात. आपल्या कोडबरोबर ट्रिम उणेच (−) असायला हवी. इथेनॉलयुक्त पेट्रोलमुळे एव्हरेज थोडे घटते हे खरे, परंतु त्यामुळे ट्रिम अधिककडे सरकते, म्हणून या कोडचे कारण ते नाही.

कोड पुसण्यापूर्वी पहाटेची दोन्ही तापमाने, महामार्गावरील पाण्याचे तापमान, मॅपचे दोन आकडे आणि आयडल व २५०० आरपीएमवरील लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने दीर्घकाळासाठी शिकून ठेवलेली दुरुस्ती) लिहून ठेवावी. हे आकडे येथे दिल्यास पुढे काय तपासावे ते सांगता येईल.